शिपाई, आमदार आणि राजाला पत्र लिहिणारा माणूस: जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विल्यम्सबद्दल कुठेही बोललं की मागोमाग प्रश्न येतात, आणि त्यातले निम्मे दर वेळी तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिलाय, पुन्हा लिहीत बसलो नाही.

१. हा विल्यम्स नेमका कोण? थोडक्यात सांगा.

एक कृष्णवर्णीय अमेरिकन माणूस. जन्म १६ ऑक्टोबर १८४९, अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं बेडफर्ड स्प्रिंग्ज. मृत्यू २ ऑगस्ट १८९१, इंग्लंडमधलं ब्लॅकपूल. वय पुरतं बेचाळीसही नाही. एवढ्यात हा माणूस शिपाई, पाद्री, वृत्तपत्राचा संपादक, वकील, ओहायो राज्याचा आमदार आणि इतिहासकार होऊन गेला. शेवटी काँगो नदीवर जाऊन त्याने बेल्जियमच्या राजाला असं पत्र लिहिलं की ब्रुसेल्समध्ये सरकारला खुलासे करत बसावं लागलं. संदर्भग्रंथांत त्याच्या नावापुढे बहुधा 'सैनिक व राज्य विधिमंडळाचे सदस्य' असं येतं. चुकीचं नाही, पण आमदारकी हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात फिका भाग होता असं माझं मत आहे.

२. तो आधी गुलाम होता ना?

नाही. हा गैरसमज फार पसरलाय. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्येच गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला होता आणि विल्यम्सचे आईवडील स्वतंत्र होते. गरीब मात्र होते. कामधंद्यासाठी कुटुंब एका गावातून दुसऱ्या गावात फिरत राहिलं आणि पोरगा हाताबाहेर गेला. त्याला सुधारगृहात टाकलं, तिथे तो न्हाव्याचं काम शिकला. शाळा जवळजवळ नाहीच. त्याचं पुढचं वाचताना ही शेवटची गोष्ट डोक्यात असू द्या.

३. चौदाव्या वर्षी सैन्यात घेतलंच कसं?

खोटं सांगून. १८६४ साली, अमेरिकन यादवी युद्धाच्या शेवटच्या वर्षात, तो घरातून पळाला आणि वय वाढवून, नाव बदलून उत्तरेच्या सैन्यात भरती झाला. तेव्हा हे अगदी दुर्मीळ नव्हतं. जन्मदाखला मागण्याची पद्धत नव्हती, युद्धाला माणसं हवी होती आणि अंगापिंडाने बरा दिसणारा मुलगा अठराचा म्हणून खपून जायचा.

नाव बदलल्याचा एक परिणाम मात्र कायमचा झाला. या काळातलं त्याचं सैनिकी आयुष्य आपल्याला मुख्यतः त्याच्याच तोंडून कळतं, कागद फारसा साथ देत नाही. पुढे ज्याने दुसऱ्या सैनिकांचे कागद हजारोंनी जमवले, त्याचा स्वतःचाच कागद असा धूसर.

४. कृष्णवर्णीय सैनिकांना गोऱ्यांइतकाच पगार होता का?

सुरुवातीला नव्हता. गोऱ्या साध्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर आणि वर कपडे. कृष्णवर्णीय शिपायाला १० डॉलर, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. काही पलटणींनी हा पगार घ्यायलाच नकार दिला आणि महिनोन्‌महिने बिनपगारी लढल्या. जून १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पगार सारखा केला. म्हणजे विल्यम्स भरती झाला त्याच वर्षी.

कृष्णवर्णीयांच्या सगळ्या पलटणींत मिळून सुमारे १ लाख ७९ हजार माणसं होती. अधिकारी जवळजवळ सगळे गोरे. शत्रूच्या हाती सापडलं तर युद्धकैदी म्हणून वागवलं जाईल याचीही खात्री नव्हती. एप्रिल १८६४ मध्ये टेनेसीतल्या फोर्ट पिलो इथे शरण आलेल्यांचीही कत्तल झाली होती. विल्यम्सने पुढे या सैनिकांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला (प्रश्न १२).

५. युद्ध संपल्यावर तो मेक्सिकोत कशाला गेला?

पंधरा-सोळा वर्षांच्या शिपायाला घरी जाऊन काय करायचं होतं? मेक्सिकोत तेव्हा फ्रेंचांनी बसवलेला बादशहा मॅक्सिमिलियन आणि अध्यक्ष बेनितो हुआरेझ यांची लढाई चालू होती. विल्यम्स हुआरेझच्या बाजूच्या प्रजासत्ताक सैन्यात गेला. जून १८६७ मध्ये मॅक्सिमिलियनला गोळ्या घातल्या, पण त्याच्या आधीच हा अमेरिकेत परतला होता. तिथे आपण अधिकारी होतो असं तो सांगे. या सांगण्याचं काय करायचं ते प्रश्न २० मध्ये.

६. बफेलो सोल्जर म्हणतात त्यांच्यातला होता का?

हो. १८६७ मध्ये तो पुन्हा अमेरिकन सैन्यात भरती झाला, या वेळी दहाव्या घोडदळ पलटणीत. १८६६ मध्ये उभ्या केलेल्या या पलटणीतले शिपाई कृष्णवर्णीय आणि अधिकारी गोरे होते. बफेलो सोल्जर हे नाव तिच्यासारख्या पलटणींनाच पडलं. विल्यम्सची नेमणूक इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, फोर्ट आर्बकलला होती.

१८६८ मध्ये त्याला डाव्या फुप्फुसातून गोळी लागली. ती लढाईत लागली असं बरेच जण गृहीत धरतात. पण सैन्याच्या नोंदीत ही जखम कर्तव्यावर असताना झालेली नाही, असं आहे. त्याच वर्षी प्रकृतीच्या कारणावरून त्याला सैन्यातून सोडलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचाही नव्हता आणि दोन देशांच्या तीन सैन्यभरत्या पाठीशी होत्या. तेवीस वर्षांनी तो गेला तो छातीच्याच विकाराने.

७. शाळा नाही म्हणता, मग एवढे ग्रंथ लिहिले कसे?

मला स्वतःला त्याच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात थक्क करणारा वाटतो. १८६९ मध्ये त्याने वॉशिंग्टनच्या नव्या हॉवर्ड विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून जनरल हॉवर्ड यांना पत्र लिहिलं. ते पत्र उपलब्ध आहे. स्पेलिंग मनाला येईल तसं, वाक्यं एकमेकांत घुसलेली. शिकण्याची भूक मात्र ओळीओळीत.

हॉवर्डमध्ये तो थोडेच दिवस टिकला. पुढे बॉस्टनजवळच्या न्यूटन धर्मशास्त्र संस्थेत गेला, पायाभूत इंग्रजीपासून सुरुवात केली आणि १८७४ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. त्या संस्थेचा तो पहिला कृष्णवर्णीय पदवीधर. पाच वर्षांत ह्रस्व-दीर्घाच्या पातळीवरून पदवीपर्यंत! त्याच वर्षी लग्न झालं, बॉस्टनच्या ट्वेल्फ्थ बॅप्टिस्ट चर्चचा तो पाद्री झाला आणि त्या चर्चचा छोटा इतिहासही त्याने लिहून काढला. या चर्चने गुलामगिरीतून पळून आलेल्यांना वर्षानुवर्षं आसरा दिला होता. इतिहासलेखन इथून सुरू झालं.

८. पाद्री माणूस राजकारणात कसा शिरला?

एका जागी बसणं त्याला जमलंच नाही. बॉस्टन सोडून १८७५ मध्ये तो वॉशिंग्टनला गेला आणि 'द कॉमनर' नावाचं वृत्तपत्र काढलं. कृष्णवर्णीयांचे नेते फ्रेडरिक डग्लस यांच्यासारख्यांनी पाठिंबा दिला, तरी पत्र काही महिन्यांतच बंद पडलं. कृष्णवर्णीयांच्या ठेवी असलेली फ्रीडमन्स बँक आदल्याच वर्षी बुडाली होती. वर्गणी भरायला वाचकांकडे पैसा होता कुठे?

१८७६ मध्ये तो सिनसिनाटीच्या युनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये आला. हे शहर ओहायो नदीच्या काठावर, आणि पलीकडचं केंटकी राज्य यादवी युद्धापर्यंत गुलामगिरीचं. इथे त्याने वर्तमानपत्रात स्तंभ लिहिला आणि अल्फान्सो टाफ्ट यांच्याकडे वकिलीचे धडे घेतले. (हे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या विल्यम टाफ्ट यांचे वडील.) रिपब्लिकन पक्षासाठी भाषणंही केली. लिंकनचा पक्ष म्हणून कृष्णवर्णीय मतदार तेव्हा जवळपास एकगठ्ठा रिपब्लिकन होता. १८७७ मध्ये विल्यम्स विधिमंडळाची निवडणूक हरला. १८७९ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि हॅमिल्टन काउंटीतून ओहायोच्या प्रतिनिधीगृहात निवडून आला.

९. आमदार म्हणून त्याने काय काम केलं?

खरं सांगायचं तर फार काही मार्गी लागलं नाही. मुदत दोन वर्षांची, १८८० आणि १८८१.

सुरुवातच अपमानाने झाली. राजधानी कोलंबसमध्ये एका उपाहारगृहात हा नवा आमदार जेवायला गेला आणि मालकाने वाढायला नकार दिला. राज्याचे कायदे करायचा हक्क होता, त्याच शहरात पैसे देऊन जेवायचा नव्हता.

त्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांवर बंदी घालणारा ओहायोचा १८६१ चा कायदा रद्द करण्याचा. त्याच्या मुदतीत तो कायदा हलला नाही. १८८७ मध्ये रद्द झाला, तेव्हा विल्यम्स आमदारही नव्हता आणि ओहायोतही नव्हता.

सभागृहाबाहेर त्याचा वेळ कोलंबसच्या राज्य ग्रंथालयात जायचा. आमदारकीची खरी कमाई तीच, असं मला वाटतं. पुढच्या ग्रंथाचं बरंचसं वाचन तिथलं.

१०. त्याने आपल्याच समाजाचं स्मशान बंद केलं, हे खरं आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा सूर बहुधा 'छे, असं कसं होईल' असा असतो. पण प्रकरण खरं आहे. सिनसिनाटीजवळच्या ॲव्हन्डेल उपनगरात कृष्णवर्णीयांची दफनभूमी होती. आजूबाजूला गोऱ्यांची वस्ती वाढली आणि त्यांना ती नकोशी झाली. ती बंद करण्याचं विधेयक मांडलं ते विल्यम्सने.

समाज खवळला. आपण पाठवलेला पहिला माणूस आपल्याच मृतांच्या जागेवर उठला, अशी भावना होती. गोऱ्या मतदारांना आपण 'फक्त काळ्यांचे' नाही हे दाखवायचं होतं म्हणून त्याने हे केलं, असं काहींचं म्हणणं. मला हे स्पष्टीकरण पटण्यासारखं वाटतं, पण त्याने कृतीचं समर्थन होत नाही. तो पुन्हा निवडणुकीला उभा राहिला नाही.

यातली एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ४ जुलै १८७६ ला, देशाच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीला, याच ॲव्हन्डेलमध्ये त्याने अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या शंभर वर्षांवर भाषण केलं होतं. त्याच्या मोठ्या ग्रंथाची कल्पना त्या भाषणातून निघाली.

११. अमेरिकेतला पहिला कृष्णवर्णीय आमदार तोच का?

अमेरिकेतला नाही, ओहायोतला. आणि तिथेही नीट बोलायला हवं, कारण तीन 'पहिले' एकमेकांत मिसळतात:

ओहायोत निवडून पद मिळवणारे जॉन मर्सर लँगस्टन. १८५५ मध्ये ते ब्राउनहेल्म टाउनशिपचे क्लार्क म्हणून निवडून आले. हे स्थानिक पद, विधिमंडळाचं नव्हे.

ओहायोच्या विधिमंडळातला पहिला कृष्णवर्णीय सदस्य विल्यम्स.

ओहायोच्या सिनेटमधले, म्हणजे वरच्या सभागृहातले पहिले जॉन पॅटरसन ग्रीन, १८९२ पासून. ग्रीन त्याआधी खालच्या सभागृहातही होते, त्यामुळे घोटाळा होतो. पण ते तिथे विल्यम्सनंतर आले.

देशाचं म्हणाल तर १८३६ मध्ये व्हरमाँटच्या विधिमंडळात अलेक्झांडर ट्वायलाइट, १८६६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये दोघे, आणि यादवीनंतरच्या दशकात दक्षिणेतल्या राज्यांत तर शेकडो कृष्णवर्णीय आमदार होऊन गेले होते. विल्यम्स निवडून आला तोवर दक्षिणेत दहशतीने आणि कायद्यांच्या खेळ्यांनी त्यांना हुसकावणं सुरू झालं होतं. म्हणून उत्तरेतल्या एका मोठ्या राज्यातली त्याची निवड गाजली.

१२. त्याच्या पुस्तकांत असं काय विशेष आहे?

मुख्य ग्रंथ दोन. १६१९ ते १८८० पर्यंतचा अमेरिकन कृष्णवर्णीयांचा दोन खंडांतला इतिहास, १८८२-८३ मध्ये पुटनम या मोठ्या प्रकाशकाने काढलेला. आणि यादवी युद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांचा इतिहास, १८८७-८८ मध्ये हार्परने काढलेला.

पहिल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की आपण बारा हजारांहून जास्त ग्रंथ चाळले आणि त्यातल्या सुमारे हजारांचे संदर्भ तळटिपांत दिले. आकडा ऐकून भुवया उंचावतात, उंचावू द्या. मुद्दा तळटिपांचा आहे. या विषयावर तोवर जे लिहिलं गेलं ते बहुतेक थोर व्यक्तींची चरित्रं किंवा आठवणी. विल्यम्सने वसाहतींचे कायदे, सैन्याचे अहवाल, जुनी वर्तमानपत्रं, चर्चच्या सभांची इतिवृत्तं, शाळांच्या नोंदी अशी सामग्री मागवली, ग्रंथालयं पालथी घातली, आणि जिथून जे घेतलं ते पानाखाली लिहिलं.

दोष आहेतच. भाषा मधेच प्रवचनाची होते, कागदपत्रं पानंच्या पानं तशीच उतरवलेली आहेत. पण पन्नास-साठ वर्षांनी या क्षेत्रात आलेल्या अभ्यासकांना पाया म्हणून हेच खंड हाताशी होते.

सैनिकांवरच्या ग्रंथात त्याने एक मागणी केली: या शिपायांचं स्मारक राजधानीत उभारावं. काँग्रेसमध्ये विषय निघाला आणि विरून गेला. वॉशिंग्टनमध्ये असं स्मारक उभं राहिलं ते १९९८ मध्ये.

१३. पुस्तकांच्या नावात 'नीग्रो' शब्द आहे. तो अपमानास्पद नाही का?

आज आहे. तेव्हा तोच आदराने वापरला जाणारा शब्द होता आणि विल्यम्सने तो जाणीवपूर्वक वापरला. पुढे कृष्णवर्णीय विचारवंतांनी तर त्याचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत छापावं म्हणून चळवळ केली. आपण आज लिहिताना ग्रंथाचं नाव सांगायची वेळ आली तरच तो शब्द वापरावा.

१४. तो हैतीत अमेरिकेचा राजदूत होता ना?

झाला, पण गेला नाही. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी मार्च १८८५ मध्ये, कारकिर्दीच्या अगदी शेवटच्या घटकेला, त्याचं नाव हैतीतल्या वकिलातीसाठी पाठवलं आणि सिनेटने मंजुरीही दिली. दोन दिवसांत सरकार बदललं, डेमोक्रॅटिक पक्षाचे क्लीव्हलंड आले, आणि नव्या सरकारने त्याला पदावर जाऊ दिलं नाही. विल्यम्स पगारासाठी कोर्टात गेला आणि हरला. त्याच्या परिचयात 'हैतीतील राजदूत' असं दिसलं तर 'नियुक्त' एवढा शब्द जोडून वाचा.

१५. काँगोला जायचं त्याच्या डोक्यात कसं आलं?

सुरुवातीला तो बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याचा चाहताच होता. आफ्रिकेतला गुलामांचा व्यापार बंद करू, व्यापार मोकळा करू, शाळा-दवाखाने काढू, असं लिओपोल्ड जगाला सांगत होता आणि जग मान डोलवत होतं. काँगोवरचा लिओपोल्डचा हक्क सर्वांत आधी, एप्रिल १८८४ मध्ये मान्य केला तो अमेरिकेनेच. लक्षात घ्या, हा मुलूख बेल्जियमचा नव्हता. राजाचा खासगी होता.

१८८९ मध्ये विल्यम्स ब्रुसेल्सला जाऊन राजाला भेटला आणि भारावून परतला. अमेरिकेतले शिकलेले कृष्णवर्णीय तरुण तिथे नोकऱ्यांवर न्यावेत अशी त्याची योजना होती. हॅम्प्टनच्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत त्याने ती मांडली. विद्यार्थ्यांनी साधे प्रश्न विचारले, हवा कशी, पगार किती, काम काय, आणि याला उत्तरं देता येईनात. तेव्हा त्याने स्वतः जाऊन बघायचं ठरवलं. रेल्वेवाले उद्योगपती कॉलिस हंटिंग्टन यांनी खर्चाला हातभार लावला. काँगोतल्या प्रस्तावित रेल्वेत त्यांना रस होता. लिओपोल्डने जाऊ नका असं सुचवूनही १८९० च्या सुरुवातीला विल्यम्स आफ्रिकेला निघाला.

१६. त्या प्रसिद्ध पत्रात नेमकं काय आहे?

नदीच्या मुखापासून वर जात जात, वाटेत लोकांशी बोलत तो स्टॅन्ली फॉल्सपर्यंत पोहोचला. १८ जुलै १८९० ही तारीख घालून तिथून त्याने राजाला उघडं पत्र लिहिलं. सुरुवात अत्यंत आदबीची: महाराज, आपले उपकार, आपला स्नेह. आणि मग बारा आरोप, क्रमांक घालून. वकील होता तो.

जमिनी कशा मिळवल्या, याचं वर्णन वाचण्यासारखं आहे. गोरा माणूस कोटाच्या आत दंडाला विजेची बॅटरी बांधायचा, तिची तार तळहातावरच्या पट्टीपर्यंत. गावच्या मुखियाशी तो हात मिळवायचा, मुखियाला असा झटका बसायचा की तो कोलमडायचा. गोरा काय ताकदीचा, अशी समजूत व्हायची. दुसरी युक्ती भिंगाची. चिरूट पेटवताना भिंगातून ऊन एकवटायचं आणि सूर्य आपला दोस्त आहे, सांगितलं तर तुमचं गाव जाळेल, असं भासवायचं. तिसरी बंदुकीची, गोळी गुपचूप काढून ठेवून आपल्याला गोळी लागत नाही असं दाखवायची. या जादूवर आणि जिनच्या काही पेट्यांवर गावंच्या गावं राजाच्या नावे लिहून घेतली गेली.

मग इतर आरोप: कबूल केलेल्या शाळा आणि दवाखाने कुठे दिसत नाहीत, कैद्यांना बैलांच्या साखळदंडांनी बांधतात, सरकार स्वतः गुलाम विकत घेऊन सैन्यात घालतं, बायकांची आयात होते. एक प्रसंग तर विसरता येत नाही. आगबोटीच्या डेकवरून दोन बेल्जियन अधिकाऱ्यांना दूर एका होडीत एक माणूस दिसला. त्याला गोळी लागते की नाही यावर पाच पौंडांची पैज लागली. तिसऱ्या गोळीला तो डोक्यात लागून पडला आणि त्याची मालाची होडी त्याचीच तिरडी होऊन प्रवाहासोबत वाहत गेली.

पत्राचा शेवट मागणीचा: आंतरराष्ट्रीय आयोग नेमून चौकशी करा.

१७. काँगोतल्या हात तोडलेल्या माणसांचे फोटो त्यानेच काढले का?

नाही. ते गाजलेले फोटो १९०४ च्या आसपासचे, ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी काढलेले. लोकांकडून रबर गोळा करून घेण्यासाठीचा सर्वांत भयंकर जुलूम १८९० च्या दशकात वाढत गेला, म्हणजे विल्यम्सच्या मृत्यूनंतर. त्याने पाहिली ती सुरुवात. गंमत अशी की त्याच्या पत्रात रबराला जवळजवळ जागा नाही, तरी पुढचा सगळा सांगाडा त्यात दिसतो.

१८. 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' हा शब्दप्रयोग त्याचाच का?

काँगोतून परतताना, सप्टेंबर १८९० मध्ये, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स ब्लेन यांना लिहिलेल्या पत्रात त्याने लिओपोल्डच्या राजवटीबद्दल हा प्रयोग केला, हे पक्कं. तो जगात सर्वप्रथम त्यानेच केला असं म्हणू नका. गुलामगिरीविरोधी लिखाणात तसे शब्द आधीही येत. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्याआधी पंचावन्न वर्षं एका राज्यकर्त्याच्या कारभाराला त्याने ते लावले, एवढं म्हटलं तरी पुरे.

१९. पत्राचा परिणाम काय झाला?

गडबड उडाली. पत्र छापून युरोप-अमेरिकेत वाटलं गेलं, वर्तमानपत्रांनी उचललं. लिओपोल्डच्या बाजूच्या वर्तमानपत्रांनी आरोपांपेक्षा आरोप करणाऱ्यावरच रोख धरला: हा विल्यम्स कोण लागून गेला? १८९१ मध्ये बेल्जियन संसदेत चर्चा झाली, काँगोच्या अधिकाऱ्यांनी लांबलचक उत्तर तयार केलं. आणि तेवढ्यात विल्यम्स वारला. पाठपुरावा करणारा कोणी उरला नाही.

काँगो सुधारणेची संघटित चळवळ उभी राहिली १९०४ मध्ये. १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियम सरकारकडे सोपवावा लागला.

२०. तो खरंच कर्नल होता का? नसेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास का ठेवायचा?

सगळ्यात चांगला प्रश्न. अमेरिकन सैन्यात तो कर्नल कधीच नव्हता. माजी सैनिकांच्या 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' या संघटनेत तो सक्रिय होता, तिथल्या मानाच्या पदांना अशी बिरुदं चिकटत, आणि त्याने ते कायमचं चिकटवून घेतलं. बेल्जियन वर्तमानपत्रांनी नेमकं हेच पकडलं. शिवाय तो कर्जं करून ठेवायचा, शिक्षण आणि हुद्दे फुगवून सांगायचा, बायको-मुलापासून वेगळा राहत होता आणि शेवटच्या महिन्यांत इंग्लंडमध्ये एका तरुणीशी त्याचा वाङ्‌निश्चय झालेला होता. संत करायला गेलात तर माणूस हातातून निसटतो.

मी स्वतः एक साधी चाळणी लावतो. विल्यम्स स्वतःबद्दल बोलत असेल तर दुसरा कागद शोधायचा. तो दुसऱ्यांबद्दल बोलत असेल, तर बहुधा त्याने कागद आधीच शोधलेला असतो. काँगोच्या पत्रातले मुख्य आरोप पुढच्या वीस वर्षांत मिशनरी, ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट आणि शेवटी लिओपोल्डनेच नेमलेला चौकशी आयोग यांच्या साक्षींतून पुन्हा पुन्हा समोर आले. त्यातल्या कुणालाही विल्यम्सच्या हुद्द्याशी देणंघेणं नव्हतं.

२१. महाराष्ट्राशी त्याचा काही संबंध?

थेट काही नाही, ओढूनताणून जोडू नका. काळ मात्र एकच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. त्या वर्षी विल्यम्स न्यूटनमध्ये शिकत होता. त्या मुक्तीनंतरही काय काय बाकी राहिलं, हे पाहायचं असेल तर प्रश्न ९ मधलं उपाहारगृह आठवा.

२२. तुम्ही त्याला एकेरी का लिहिता?

चौदाव्या वर्षी पळालेल्या पोराला 'ते पळाले' लिहायला हात धजावेना, आणि नंतर मधेच बदलणं बरं दिसेना. अनादर नाही.

२३. शेवट कसा झाला? कबर कुठे आहे?

काँगोतून तो लुआंडा, मग इजिप्त असा फिरत राहिला. कैरोत आजारी पडला. कसाबसा इंग्लंडला पोहोचला. समुद्राची हवा मानवेल म्हणून त्याची वाग्दत्त वधू आणि तिची आई त्याला ब्लॅकपूलला घेऊन गेल्या. २ ऑगस्ट १८९१ ला तिथल्या एका हॉटेलात क्षय आणि फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहाने तो गेला. लेटन दफनभूमीत पुरला, आणि त्या जागेवर दगडही नव्हता.

जॉन होप फ्रँकलिन हे नामवंत इतिहासकार विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याच्या मागावर होते. चाळीस वर्षं कागद जमवून त्यांनी १९८५ मध्ये त्याचं चरित्र प्रसिद्ध केलं. कोलंबसच्या विधानभवनात आज विल्यम्सच्या नावाचं दालन आहे. पण कबर शोधून तिच्यावर दगड बसवला तो फ्रँकलिन यांनी, १९७५ मध्ये. त्यावर नाव आहे, १८४९ आणि १८९१ ही दोन सालं आहेत आणि 'आफ्रो-अमेरिकन इतिहासकार' एवढंच आहे. कर्नल नाही, आमदार नाही.